लिफ्ट हलली कधी?

लिफ्टला दोनच दिशा ठाऊक, वर आणि खाली. माणसाचं तसं नसतं. माणूस कामाला म्हणून निघतो, वाटेत कुणाशी तरी बोलत उभा राहतो, विसरलेली पिशवी आणायला मागे फिरतो, आणि पोचतो तेव्हा आपण कशासाठी निघालो होतो हेच त्याला आठवत नाही. लिफ्ट बिचारी सरळमार्गी. तिच्या चालीत काही खोट असली तर ती बसवणाऱ्याची, नाहीतर चाल शिकवणाऱ्याची.

सुई ही चाल शिकवणारी. सुई हे तिचं कामावरचं नाव. लिफ्टच्या तळाशी जो अरुंद खड्डा असतो त्यात भल्याभल्यांचे खांदे अडकायचे, आणि ही अंगानं काडी, आरपार जायची. नाव ठेवलं उस्तादांनी. लिफ्ट बसवणाऱ्या त्या लहानशा कंपनीतले ते सगळ्यांत जुने कारागीर. मालकही त्यांना विचारल्याशिवाय खिळा ठोकत नसे. लिफ्ट उभी करायला चारजण लागतात, पण उभी केलेल्या लिफ्टला कधी निघायचं, किती जोर धरायचा, कुठून मंद व्हायचं, हे शिकवायला एकच माणूस लागतो. उस्तादांनी ते काम सुईला शिकवलं होतं. आणि शिकवताना कंपनीचा जुना रिवाजही शिकवला होता: लिफ्ट सोपवायच्या दिवशी केबिनच्या फरशीवर एक नाणं कडेवर उभं करायचं. तळमजल्यापासून वरच्या मजल्यापर्यंत नाणं उभं राहिलं तर लिफ्ट पास. पडलं तर काम अजून कच्चं.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली, तर तिची हत्यारपेटी जागेवर नव्हती.

"माझ्या टेबलाखाली आहे," उस्ताद म्हणाले. "आधी माझं ऐक. फोनची खुर्ची रिकामी आहे. पंखा आहे, चहा जागेवर येतो. लोक तक्रार सांगतील, ती तू लिहून घ्यायची. संध्याकाळी वेळेवर घरी. लहान लेकरू आहे तुझं."

"उस्ताद, लेकरू मला झालंय. हातांना नाही."

उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला. "जीभ जशीच्या तशी आहे. हातांचं बघू." मग दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून ते उठले. "डोळ्यांच्या दवाखान्यातली लिफ्ट उभी राहिलीय. ऑपरेशनं होतात वरच्या मजल्यावर. डॉक्टर म्हणतात, नुकते टाके घातलेले पेशंट असतात, केसाएवढाही धक्का नको. तिला चाल तू शिकव. ताब्याच्या दिवशी नाणं उभं राहिलं तर पेटी तुझी. पडलं तर खुर्ची. मग कुरकुर ऐकायचा नाही मी."

"नाही करणार," ती म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या खुर्चीवर याआधी बसलेली बाई तिला आठवत होती. ती बाईही एके काळी तारा ओढायची. खुर्चीत बसली ती बसलीच.

घरी सासरे गोटीला सांभाळत. गोटी म्हणजे सुईची लेक; जन्मली तेव्हाच इतकी वाटोळी होती, की बारशाचं नाव कागदावरच राहिलं. सासरे शाळेतून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी मुलांना विज्ञान शिकवलं, आणि त्यातही सरळ रेषेतली गती हा त्यांचा लाडका धडा. इतका, की सुईच्या नवऱ्याला म्हणे लहानपणी घास भरवतानासुद्धा ते चमच्याचा वेग सांगत. नवरा छापखान्यात रात्रपाळीला होता. सकाळी तो घरी येऊन झोपे, सुई बाहेर पडे, आणि दोघांची भेट दाराच्या उंबऱ्यावर होई. "आपण दोघं एकाच रस्त्यावरून उलट दिशेनं जाणारी वाहनं आहोत," तो म्हणायचा. "बाबांच्या पुस्तकात आपलं गणित होतं. दोघं कधी भेटतील, असं विचारायचे."

त्या संध्याकाळी ती घरात आली तर गोटी सतरंजीच्या मधोमध पोटावर, समोर लाकडी घोडा, आणि सासरे भिंतीला टेकून बसलेले. गोटीनं घोड्याकडे बघितलं, दोन्ही तळवे जमिनीवर रोवले, सगळा जीव एकवटून ढकललं, आणि ती वीतभर मागे गेली. घोडा आणखी लांब. गोटीचा ओठ बाहेर आला.

"सकाळपासून हेच चाललंय," सासरे कौतुकानं म्हणाले. "वेग आहे, चांगला आहे, पण सध्या ऋण आहे."

"बाबा! रडेल ती."

"रडू दे की थोडं. ऋण म्हणजे काही चूक नव्हे गं. आपण कुठली दिशा पुढची मानली, एवढाच प्रश्न. तिच्या पायांच्या बाजूनं बघितलं तर ती अगदी बरोबर चाललीय." त्यांनी घोडा उचलून गोटीच्या पायांशी ठेवला. गोटी मागे मागे सरकत त्याच्यापर्यंत पोचली, तिची टाच घोड्याला लागली, आणि हा कुठून आला म्हणून ती चकित होऊन बघत राहिली. सुईला हसू आवरेना. दिवसभराचा शीण त्या हसण्यात निम्मा उतरला.

उरलेला निम्मा पायांत होता. चहा, भांडी, गोटीचे कपडे, गॅसपासून मोरीपर्यंत आणि मोरीपासून गॅसपर्यंत. शेवटी ती जिथून उठली होती त्याच जागी येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मघापासून एवढी धावले, आणि आहे तिथंच. तुमच्या हिशोबानं माझं विस्थापन शून्य."

"शून्य."

"मग पाय का दुखतायत?"

"पायांना विस्थापन कळत नाही, सूनबाई. पाय अंतर मोजतात." आणि बाह्या सरसावत, "आण इकडे ती भांडी, मी घासतो. तू लिफ्टचं सांग."

तिनं सगळं सांगितलं. नाणं, पेटी, खुर्ची. सासऱ्यांनी भांडी घासून हात पुसले आणि सासूबाईंच्या विणकामाच्या टोपलीतला लाल लोकरीचा धागा काढला. सासूबाई गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती, पण टोपली अजून भरलेली होती, आणि घरात कुणाला काही समजावून सांगायचं झालं की त्यातलाच धागा निघायचा. त्यांनी तो फरशीवर मांडला: भिंतीपासून तिरका वर, मग आडवा सपाट, मग तिरका खाली.

"ही चढण म्हणजे लिफ्टचा वेग वाढतोय. हा सपाट माळ म्हणजे वेग वाढत नाही, कमी होत नाही, आहे तेवढाच. ही उतरण म्हणजे मंद होत थांबली. आणि धाग्याच्या आत जेवढी फरशी कोंडली, तेवढी लिफ्ट वर गेली."

"म्हणजे इमारत तीच, तर आतली फरशीही तेवढीच राहायला हवी." ती गुडघ्यांवर बसली. चढण मंद केली, उतरण मंद केली. मधला माळ आखूड झाला आणि सगळा धागा मात्र भिंतीकडून दाराकडे लांबला. "वेळ जास्त लागेल."

"लागेल. फुकट काही मिळत नाही. पण माळावर पोटाला काही कळत नाही, बरं का. वेग कितीही असू दे. कळतं ते वेग बदलताना."

"चढणीवर."

"चढणीवर कळतंच. पण दचकवतात ते हे कोपरे." त्यांनी बोट ठेवलं, जिथं भिंतीतून चढण एकदम सुरू होत होती तिथं. "शून्यातून एकदम जोर. नाणं पडतं ते इथं."

सुईनं ते कोपरे बोटानं हलकेच गोल केले. धाग्याला आता कुठं टोक राहिलं नाही. झोपलेल्या माणसाच्या पांघरुणासारखा तो वर चढून खाली उतरला. हातांना हे कोपरे केव्हापासून माहीत होते, पण ते असे फरशीवर पडलेले तिनं कधी बघितले नव्हते. ती बघत राहिली. तेवढ्यात गोटी मागे सरकत सरकत आली, धाग्यावर बसली, आणि वळून तिनं माळ आणि अर्धी उतरण तोंडात घातली.

पुढचे काही दिवस ती दवाखान्याच्या लिफ्टला तेच कोपरे गोल करायला शिकवत होती. वर मशीनची खोली, खाली केबिन, हातात आकडे भरायचा छोटा की-पॅड. एक आकडा बदलायचा, खाली यायचं, नाणं उभं करायचं, बटण दाबायचं, आणि दारावरच्या लाल आकड्याकडे बघत श्वास धरून उभं राहायचं. आधी नाणं निघतानाच पडायचं. मग वरती थांबताना पडायला लागलं. मग एके दुपारी ते चौथ्या, सगळ्यांत वरच्या मजल्यापर्यंत उभं राहिलं. तिनं खाली नेलं, तरी उभं. पुन्हा वर. नाणं आपलं ध्यानस्थ. सुईच्या डोळ्यांत पाणी आलं. अशी चाल तिनं याआधी कुठल्याच लिफ्टला शिकवली नव्हती. हात विसरले नव्हते.

ताब्याच्या दिवशी उस्ताद संध्याकाळी येणार होते. दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर, ज्यांच्या पायांच्या आवाजानं वॉर्डबॉय सरळ उभे राहत, म्हणाल्या, "संध्याकाळी तुमचं नाणं का काय ते बघा. मला आधी माझी माणसं नेऊन बघू द्या."

"खुशाल न्या," सुई म्हणाली. तिला कसली भीती?

पहिल्या निघाल्या त्या एक आजी. कालच ऑपरेशन झालेलं, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, शेजारी त्यांची लेक. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डातून खाली तपासणीच्या खोलीत जायचं होतं. लिफ्टमध्ये पेशंटसाठी एक बाक होता, त्यावर लेकीनं त्यांना बसवलं. दार मिटलं, लिफ्ट लोण्यासारखी खाली आली, टिंग वाजलं, दार उघडलं. सुई बाहेरच उभी होती, नवऱ्या मुलीच्या आईसारखी.

"चल आई," लेक म्हणाली. "आलं."

"कुठं आलं?"

"तळमजला."

"अजून हललीच नाही ती!"

"अगं, हलली, आली खाली. टिंग झालं ना."

"टिंग काय, कुठल्याही मजल्यावर वाजतं. पट्टी माझ्या डोळ्यांना आहे, अकलेला नाही. जन्मभर शिलाई मशीन पायांनी चालवलंय मी. चाक फिरतंय की थांबलंय ते ह्या पायांना कळतं. ही हललेली नाही." आणि आजींनी बाजूचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला.

लेक समजावत होती तोवर दार मिटलं. वर कुणीतरी बटण दाबलेलं होतं. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर गेली, दार उघडलं, आणि तिथं उभ्या असलेल्या माणसाला आजींनी विचारलं, "अहो, हा कितवा?" तो म्हणाला, "दुसरा." आजी लेकीकडे वळल्या. "बघ! म्हणे तळमजला. म्हातारीला फसवता!"

एवढ्यावर थांबलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण तासाभरात आणखी एकाला घाम फुटला. डोळे झाकलेला, लिफ्टमध्ये एकटाच. लिफ्ट बंद पडून आपण आत अडकलो असं त्याला वाटलं, आणि त्यानं चाचपडत धोक्याची घंटा दाबली. ती वाजायला लागली तेव्हा लिफ्ट व्यवस्थित वर चालली होती. दार उघडलं तेव्हा तो भिंतीला पाठ लावून थरथरत होता. मोठ्या सिस्टर आल्या. त्यांच्या पायांचा आवाज सुईला जिन्यावरूनच ऐकू आला.

"अहो बाई, ही लिफ्ट आहे की भूत?"

"तुम्हीच म्हणाला होतात, धक्का नको."

"धक्का नको म्हटलं होतं. कळूच नये असं कुठं म्हटलं होतं? ज्याला दिसत नाही त्यानं कशावर विश्वास ठेवायचा? हे असं असेल तर मी ताबा घेणार नाही. सांगा तुमच्या उस्तादांना."

मजले बोलून दाखवणारं यंत्र या लिफ्टला घेतलेलं नव्हतं, आणि मागवलं तरी आजच्या आज कुठलं यायला. सुई जिन्याच्या पायरीवर बसली. आपलं नेमकं काय चुकलं ते तिला हळूहळू उमगत गेलं. ती प्रत्येक वेळी उघड्या डोळ्यांनी लाल आकड्याकडे बघत उभी होती. निघालं हे तिला आकडा सांगत होता. पायांना तिनं कधी विचारलंच नव्हतं, आणि नाण्याला तर डोळे नसतात आणि भीतीही नसते. नाण्याला खूश करता करता ती माणसाला विसरली होती.

तिनं घरी फोन लावला. मागे गोटीचा आरडाओरडा चालला होता.

"खाटेखाली गेलीय, मागे मागे," सासरे म्हणाले. "आता पुढे यायला जमत नाही. थांब हं, पाय धरून ओढतो. हं. बोल."

तिनं सांगितलं.

"बंद खोली एकसारख्या वेगानं सरळ चालली असेल," सासरे म्हणाले, "तर आतल्याला आपण चाललोय की थांबलोय हे कळायला काही मार्ग नाही. हे मी किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल. पण तो आतला माणूस घाबरेल, असं एकाही पोराच्या मनात आलं नाही. नाहीतर विचारलं असतं कुणीतरी."

"मग काय करू?"

"आता ते मला काय विचारतेस? माझी लिफ्ट फरशीवरची आहे. आत जे बसतात त्यांना विचार."

सुई उठली आणि आजींकडे गेली. त्यांना एव्हाना दोघांनी धरून जिन्यानं खाली आणलं होतं, तपासणी झाली होती, आणि आता वर कसं जायचं यावर लेकीशी वाद चालला होता.

"आजी, लिफ्टला चाल मी शिकवलीय. बिघडवलीही मीच. मला जरा मदत करता?"

"कोण गं तू? आवाजावरून तर लेकुरवाळी वाटतेस."

"आवाजावरून कसं कळलं?"

"झोप झालेली नाही तुझी."

मोठ्या सिस्टरांनी आधी नाक मुरडलं, पण मग त्यांनी स्वतःच्या हातानं सुईच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. दोघी बाकावर बसल्या, आजींनी सुईचं मनगट धरलं, आणि लेक बटणापाशी उभी राहिली. कुठल्या मजल्याचं बटण दाबलं ते तिनं सांगायचं नाही, असं ठरलं.

त्या काळोखात सुईला आपली लिफ्ट पहिल्यांदा भेटली. दार मिटल्याचा आवाज झाला, आणि पुढे काहीच नाही. मशीनची घरघर लांबून कुठून तरी यावी तशी, पण तीही दार मिटण्याआधीपासून होतीच. ती वाट बघत राहिली. आता निघेल, आता निघेल. वर मोकळी हवा नाही, खाली जमीन आहे की नाही ठाऊक नाही. टिंग वाजलं तेव्हा ती दचकली.

"कळलं?" आजींनी विचारलं.

"नाही हो."

"मग मी काय सांगत होते सकाळपासून!"

सुईनं पट्टी काढली, वर गेली, निघतानाचा कोपरा जरासा टोकदार केला, पुन्हा खाली येऊन पट्टी बांधून घेतली. आजी मनगट धरून. "नाही... नाही... हं, कायसंसं. पण मला वाटलं की झालं, कुणास ठाऊक." पुन्हा वर, पुन्हा खाली. मग एकदा जास्त झालं आणि आजी ओरडल्या, "अगं, गाडीला बैल जुंपलेत की काय! माझ्या डोळ्यांत टाके आहेत." पुन्हा कमी. दुपार अशी गेली. लेकीनं मध्ये तिघींसाठी चहा आणला, तोही लिफ्टमध्येच.

हळूहळू सुईला वेगळंच कळायला लागलं. वर निघताना तळपाय जमिनीवर दाबले जातात, जणू आपल्या वजनाची कुणी आठवण करून देतंय. खाली निघताना पोट हलकं होतं, झोका मागे जाताना होतं तसं. हे तिनं पुस्तकात वाचलेलं होतं, पण पायांनी असं सावकाश वाचलं नव्हतं.

"थांबताना पण असंच ठेवू का?" तिनं विचारलं. "थांबली हे कळायला?"

"छे," आजी म्हणाल्या. "निघताना सांगावं. पोचल्यावर काय, दार उघडतंच."

शेवटच्या फेरीत आजींनी तिचं मनगट हलकेच दाबलं. त्याच क्षणी सुईच्याही पायांना कळलं होतं. कुणी पाठीवर हात ठेवून "निघू या हं" म्हणावं, तेवढंच. पुढे सगळं गुळगुळीत.

"आता निघाली," आजी म्हणाल्या. "वर."

मोठ्या सिस्टरांनी स्ट्रेचर मागवलं, त्यावर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला, आणि स्वतः त्याच्याबरोबर वर-खाली करून आल्या. पेला हिंदकळला नाही. परत जाताना त्या जिना सोडून लिफ्टनं गेल्या.

मग सुई एकटी आत गेली आणि तिनं नाणं उभं केलं. बटण दाबलं. केबिन अगदी बारीक शहारली, आणि नाणं पडलं. गडगडत कोपऱ्यात गेलं. तिनं उचलून पुन्हा उभं केलं. पुन्हा पडलं.

की-पॅडमध्ये सकाळची चाल जपून ठेवलेली होती. एक बटण दाबलं की लिफ्ट पुन्हा लोणी. उस्ताद येतील, नाणं उभं राहील, ते पेटी देतील, आणि ते फाटकाबाहेर पडल्यावर एक बटण दाबून आजींची चाल परत आणायची. कुणाला कळणार? गोटीचं दूध, घरचं आवरणं, नवऱ्याची रात्रपाळी, ह्या सगळ्यातून ओढून आणलेल्या ह्या दिवसांवर असं पाणी सोडायचं? तिचं बोट बटणावर होतं. पण आज उद्या, कधीतरी, कुणीतरी ती चाल पुन्हा लावेल. पास झाली होती ती हीच, म्हणून. आणि मग कुणी आजी दांडा धरून बसतील, आणि कुणी तरी भिंतीला पाठ लावून थरथरत उभा राहील. तिनं बोट काढलं आणि की-पॅड खिशात टाकला.

उस्ताद आले ते पायरीगणिक थांबत. हातात तिची पेटी होती. ती बघून सुईला जास्तच वाईट वाटलं. त्यांनी आपल्या खिशातलं जुनं, गुळगुळीत झालेलं नाणं काढलं, गुडघा वाकवताना "आई गं" म्हणाले, आणि ते फरशीवर उभं केलं.

"दाब."

नाणं पडलं.

"परत."

पुन्हा पडलं. लिफ्ट वर गेली, खाली आली. उस्ताद नाण्याकडे बघत होते, ती त्यांच्याकडे.

"निघतानाच पडतंय. थांबताना तर एवढं मऊ केलंयस. असं अर्धवट काम तू करत नाहीस. मुद्दाम केलंस?"

"मुद्दाम केलं."

मग तिनं सगळं सांगितलं. आजी, घंटा, पट्टी. सकाळची चालही सांगितली. "अजून आहे ती, इथंच. नाणं उभं राहतं तिच्यात. तुम्ही म्हणाल तर दाखवते. पण ताबा तिच्यावर देऊ नका."

"आहे तुझ्याजवळ? मग मी आलो तेव्हाच का नाही लावलीस? मला काय कळणार होतं?"

"तुम्हाला कळलं असतं."

"काही कळलं नसतं. नाणं उभं राहिलं असतं, पेटी देऊन मी घरी गेलो असतो."

उस्ताद बाकावर बसले, डोळे मिटले, आणि वर तळहातही ठेवला, लहान मुलं लपाछपीत ठेवतात तसा. "ने मला कुठंतरी. सांगू नको."

तिनं बटण दाबलं. दार मिटलं. उस्तादांचे ओठ जरा हलले.

"निघाली," ते म्हणाले. "वर. गुडघ्यांनी सांगितलं." मग पुढचा सगळा वेळ ते स्वस्थ बसले. टिंग वाजून दार उघडलं तेव्हा डोळे न उघडताच त्यांनी विचारलं, "तिसरा?"

"दुसरा."

"ते नाही कळलं."

"ते दार उघडलं की विचारायचं कुणालातरी. आजी म्हणाल्या, निघताना तेवढं सांगितलं की पुरे."

बाहेर मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, हातात ताब्याची पावती, सही केलेली. "आता हिच्यात कुणी हात घालायचा नाही," त्या म्हणाल्या, आणि तेवढंच बोलून निघून गेल्या.

उस्तादांनी नाणं उचलून खिशात टाकलं. पेटी पायानं सुईकडे सरकवली. "उचल. उद्या गोदामातली मालाची लिफ्ट आहे. तिथं पोती चढतात. पोत्यांना काही कळायची गरज नाही, तिथं मला नाणं उभं दिसलं पाहिजे."

सुईनं पेटी उचलली. एवढे महिने उचलली नव्हती. खांदा खाली गेला, पण तिनं दुसऱ्या हाताचा आधार घेतला नाही. "आणि उस्ताद, फोनची खुर्ची?"

"रिकामी नाही राहणार. माझे गुडघे केव्हापासून तिच्याकडे बघतायत." ते दांड्याला धरून उठले, कंबर सरळ केली. "तू बसली असतीस तर माझं टळलं असतं थोडे दिवस. आता बसतो. पंखा आहे, चहा जागेवर येतो."

"मग गोदामात नाणं बघायला कोण येणार?"

"फोन करून सांग," उस्ताद म्हणाले. "उचलायला मीच असेन."